नैवेद्याचा दुधी

इकडे आखातात, सीबमधल्या आमच्या गच्चीवरच्या वेलाचा पहिला दुधी आज काढला. अर्धा खालच्या मजल्यावरच्या मार्था आंटींना दिला. त्या वसईच्या, रोज दुधीचा रस पितात.

उरलेल्याची भाजी केली. नैवेद्य उष्टा होईल म्हणून चिरताना तुकडा चाखला नाही. देवाला दाखवून घास घेतला आणि थुंकलाच. कडूजहर! असल्या दुधीचा रस म्हणजे विषच.

आंटी फोन उचलेनात. अनवाणीच जिना उतरले. त्यांनी दार उघडलं, हातात रिकामा ग्लास.

"प्यायलात?"

"हे ताक होतं गं. तुकडा चाखल्याशिवाय मी दुधी मिक्सरला लावीन काय? तुझा केरात टाकला."

देवाला उष्टं चालत नाही म्हणणाऱ्यांनो, कडू चालतं का?