मधली खुर्ची

भाऊंचा हात फार लवकर उठायचा. भंडाऱ्यात गाण्यांच्या डिस्क विकणारे तेव्हा बरेच होते, पण गिऱ्हाइकाला मारून बाहेर काढणारे दुकानदार ते एकटेच. चकाकत्या बाजूला कोणी बोट लावलं की त्या बोटावर लाकडी पट्टी बसलीच. एकाने चोरटी एमपीथ्री सीडी दाखवून "अशीच क्वालिटी द्या" म्हटलं, तर भाऊंनी ती त्याच्यासमोर गुडघ्यावर मोडली आणि मग त्याची कॉलर धरली. तरी आम्ही जायचो. मी तर जवाहरनगरच्या कारखान्यात कामाला होतो, सुटीच्या दिवशी तिथून बस पकडून जायचो.

साध्या सीडी दर्शनी जाळीत दाटीवाटीने उभ्या असत, हव्या तशा चाळा. सुपर ऑडिओच्या, म्हणजे आवाज जास्त बारकाईने टिपणाऱ्या महागड्या डिस्क मात्र काचेच्या कुलूपबंद कपाटात. एकेक डिस्क तोंड पुढे करून मांडलेली, दोन डिस्कमध्ये वीतभर मोकळी जागा. "गर्दीत ठेवली त कोनी मान देत नाही," असं भाऊ म्हणत. कपाटाची किल्ली त्यांच्या करदोट्याला असे, आणि ती काढताना ते भिंतीकडे तोंड करत.

अशी डिस्क घ्यायची तर चपला बाहेर काढून आतल्या खोलीत, दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये ठेवलेल्या लाकडी खुर्चीवर बसावं लागे. भाऊ बासरीची एकच गत आधी साध्या सीडीवर ऐकवत, मग सुपर ऑडिओवर, आणि पुढ्यात उभे राहून विचारत, "फरक समजून राहिला का नाही?" तो हात डोळ्यांसमोर असताना नाही कोण म्हणणार?

एका साली मी खुर्चीवर बसलो तेव्हा दसरा नुकताच झाला होता. भाऊंनी डिस्क वाजवायचं मशीन लख्ख पुसून झेंडू वाहिला होता, कुंकवाचं मोठं बोट लावलं होतं. पूजेचं कुंकू मुद्दाम पुसायचं नाही, हा त्यांचा नियम. मी डोळे मिटून दोन्ही वेळा ऐकलं आणि म्हणालो, "हो भाऊ, लय फरक." मला काडीचाही कळला नव्हता. वाटलं, कारखान्याच्या आवाजाने आपलेच कान गेले असतील. भाऊ इतके खूश झाले की चहा आला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते मला दाखवू लागले, "याले म्हनतेत कान!"

पुढच्याच सुटीला करडी गावचे सुखदेव आले. झाडीपट्टीच्या नाटकांत ते पेटी वाजवायचे. त्यांनी शांतपणे दोन्ही ऐकलं.

"भाऊ, दोनी एकच होय."

"पुन्हा आयक."

"आयकलो. एकच होय."

भाऊंनी कानशिलात अशी लगावली की सुखदेव खुर्चीसकट आडवे झाले. ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं. "पेटी वाजवते अन् कान नाही!" भाऊ ओरडत होते. मी दारातच होतो. एक शब्द बोलायला हवा होता. मी काय केलं, तर सुखदेवांच्या चपला त्यांच्या पुढे सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुखदेवांचे पुतणे काठ्या घेऊन आले. काचेचं कपाट फोडलं, डिस्क पायाखाली तुडवल्या आणि भाऊंना मशीनवर आपटून मारलं. बातमी कळली, आणि ड्यूटी सुटताच मी धावत गेलो. भाऊंच्या डाव्या कानात रक्ताने भिजलेला कापूस होता. पडदा फाटला, आता या कानाने ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काचांच्या ढिगात बसून ते ओल्या फडक्याने मशीनवरचं आपलंच वाळलेलं रक्त पुसत होते.

रक्ताबरोबर कुंकूही निघालं. त्याखाली एक बारीक दिवा होता, आणि मशीन चालू असूनही तो विझलेला होता.

सुपर ऑडिओच्या डिस्कमध्ये दोन थर असतात, एक साध्या सीडीचा, दुसरा सुपर ऑडिओचा. कोणता वाजवायचा ते मशीनवरचं एक बटण ठरवतं. बटण सुपर ऑडिओवर असलं की हा दिवा लागतो. दसऱ्याला पुसताना ते बटण दाबलं गेलं होतं, आणि दिवा कुंकवाखाली झाकला होता. तेव्हापासून भाऊ दोन्ही वेळा साधंच ऐकवत होते. त्यांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"तो खरा बोलला बे," एवढंच ते म्हणाले.

चार दिवसांनी मशीन, स्पीकर आणि ती खुर्ची ऑटोत घालून आम्ही करडीला गेलो. भाऊ सुखदेवांपुढे गाल करून उभे राहिले. "मार. तेवढ्याच जोरानं मार."

"माझा हात पेटीचा होय, भाऊ," सुखदेव म्हणाले. "वाजवा आता. आयकतो."

या वेळी दिवा लागला होता. सुखदेव खुर्चीवर बसून ऐकत राहिले. फुटलेल्या ओठाने हसले. "आता आहे. बासरीवाल्याचा श्वास आयकू येऊन राहिला."

भाऊंनी उजवा कान पुढे केला, मान वळवली, खुर्ची सरकवून पाहिली. त्यांना तो श्वास काही सापडेना. मग ते माझ्याकडे वळले. "तू सांग. येते का आयकू?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं, पण म्हणालो, "नाही, भाऊ. मले तवाबी काई समजलं नव्हतं."

ती थप्पड मी आयुष्यात विसरणार नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकले. "तवा बोलला असतास," भाऊ म्हणाले, "त याचा ओठ फुटला नसता, अन् माझा कान गेला नसता."

दुकान पुन्हा उघडलं नाही. सामान करडीलाच राहिलं आणि भाऊ ऐकायला तिकडेच जाऊ लागले. भाऊ जाऊनही आता बरीच वर्षं झाली. इतका मारकुटा माणूस मला इतका प्रिय का, हे बायकोला अजून पटवता आलेलं नाही. कधी करडीला गेलो की सुखदेव मला त्या खुर्चीवर बसवतात, तीच गत लावतात आणि विचारतात. मला अजूनही फरक कळत नाही. मी तसं सांगतो, आणि हात आपोआप गालावर जातो.