कानसेन गाडी बघायला जातात

त्या गल्लीत कुणालाही जुनी गाडी घ्यायची झाली की बाकी सगळं नंतर, आधी कानसेनांना न्यायचं. त्यांना न दाखवता कुणी गाडी घेतली आणि ती रस्त्यात बसली, तर अख्खी गल्ली विचारायची, "कानसेनांना दाखवली होती का?" म्हणजे गाडी गेली ती गेलीच, वर अक्कलही निघाली.

कानसेन म्हणजे थोरलीचे वडील. जन्मभर बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये फिटर. कुणीतरी चेष्टेने ठेवलेलं हे नाव त्यांना असं चिकटलं की खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं. गाडी बघायची त्यांची पद्धतच न्यारी. रंगाकडे बघायचे नाहीत, टायरला लाथ मारायचे नाहीत, विकणाऱ्याचं तर एक अक्षर ऐकायचे नाहीत. बॉनेट उघडायला लावायचे आणि 'सुरू करा' म्हणून हात वर करायचे. इंजिन सुरू झालं की खिशातला लांब स्क्रू-ड्रायव्हर काढून टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाच्या मागच्या हाडाला, आणि डोळे मिटून म्हणायचे, "चूप! आता तिला बोलू द्या."

मग कुणाची बिशाद तोंड उघडायची! विकणारा घाम पुसत उभा. घेणारा कानसेनांच्या भुवईकडे डोळे लावून. भुवई वर गेली की समजायचं, काढता पाय घ्या.

थोरली लहानपणी दर रविवारी त्यांच्याबरोबर जायची. तिला कामही असायचं, उगाच मिरवायला नाही न्यायचे. मागच्या सीटवर उड्या मारून स्प्रिंगा बघायच्या आणि पायाखालचं मॅट उचलून खाली ओल आहे का ते हात लावून सांगायचं. "ओल आहे, बाबा!" असं ती ओरडली की विकणाऱ्याचा चेहरा असा काही पडायचा की काय सांगावं! येताना बाबा तिला आइसक्रीम घ्यायचे आणि स्वतःचं वितळेपर्यंत गाडीबद्दलच बोलत राहायचे. आई म्हणायची, "गाडीच्या पोटातलं सगळं ऐकू येतं ह्या माणसाला, आणि मी कोपऱ्यावरून भाजी आणा म्हणाले ते तेवढं ऐकू येत नाही." बाबा हसायचे. भाजी काही यायची नाही.

थोरलीला गाडी शिकवली तीसुद्धा कानानेच. डेपोमागच्या मोकळ्या मैदानात, वेगाच्या काट्यावर रुमाल टाकून. "वेग बघायचा नाही. ती सांगेल तुला गिअर कधी बदलायचा." गिअर चुकला की ते असे कळवळायचे, जणू तिने त्यांच्याच पायावर पाय दिलाय. किती सुखाच्या होत्या त्या दुपारी! थोरलीला अजून कधी गिअर बदलताना वाटतं, आता शेजारून कुणीतरी "हं, आत्ता" म्हणेल.

पण कान काही तिला मिळाला नाही. तिला मिळाला डोळा. ती कापड गिरणीच्या रंगखात्यात रंग जुळवायची. दोन निळे तुम्हाआम्हाला एकसारखे दिसले तरी ती एकाला नाक मुरडून बाजूला सारायची. आई गेली, धाकटा भाऊ नोकरीसाठी लांबच्या शहरात गेला, थोरलीचं लग्न ठरलं आणि मोडलं, त्यावर गल्लीने चघळायचं तेवढं चघळलं. घरात उरले बाप आणि लेक. भांडत, एकमेकांच्या चहाला नावं ठेवत दोघांचं बरं चाललं होतं.

आणि गिरणीने रंगखातं घाटापलीकडे नेलं.

बस होती, पण तिची पाळी सुटायच्या आधीच परतीची शेवटची निघून जायची. गिरणी तिकडे राहायला खोली देत होती. धाकट्याने फोनवर तोडगा काढलासुद्धा. "तू खोली घे, बाबांना मी इकडे आणतो. लिफ्ट आहे, सगळं आहे." बाबा त्या दिवशी जेवताना बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी थोरलीच म्हणाली, "मी गाडी घेते. जाऊन-येऊन करीन."

आता गाडी घेते म्हणणं सोपं. पैसे बेताचे, म्हणजे गाडी जुनीच. रोज घाट चढायचा आणि उतरायचा, तो दोन्ही वेळा अंधारात. त्या घाटात ना गॅरेज, ना माणूस. गाडी एकदा-दोनदा अडकली की नोकरी जाणार, नाहीतर खोली घ्यावी लागणार आणि हे घर बंद होणार. तेव्हा दिसायला कशीही चालेल, पण बसायची नाही अशी गाडी हवी होती. तशी ओळखायला घरात कानसेन होते. थोरलीला वाटलं, चिंता कसली?

पहिली बघितली ती लाल. जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याच्या अंगणात उभी, नव्या नवरीसारखी चमकणारी. व्यापाऱ्याच्या तोंडाचा पट्टा नुसता सुरू. कानसेनांनी स्क्रू-ड्रायव्हर लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "चांगली आहे." थोरलीला मध्येच काहीतरी खरखरल्यासारखं वाटलं होतं. पण कानसेन चांगली म्हणतात म्हटल्यावर आपण कोण? मात्र पुढच्या दरवाजाचा लाल आणि बॉनेटचा लाल तिला एक वाटेना. ती दोनदा उन्हात गेली, दोनदा सावलीत आली. "हा दरवाजा मागाहून रंगवलाय. गाडी ठोकलेली आहे," ती म्हणाली. व्यापारी एकदम पाणी प्यायला आत गेला. वाटेत तिने बाबांना चिडवलं, "काय हो कानसेन, तुम्ही तर पास करून टाकली होती!" बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. ती मनात म्हणाली, रुसले वाटतं.

दुसरी गाडी बेकरीवाल्या बाईंची. बेकरीच्या मागच्या आवारात, पिठाच्या रिकाम्या पोत्यांशेजारी उभी होती. राखाडी, चौकोनी, दोन्ही बाजूंना खरचटलेली. बघताच कुणी प्रेमात पडावं असं काही नाही. पण थोरलीने सगळीकडून बघितलं, रंग एकच होता, अस्सल, कारखान्यातून आलेला. मागची सीट काढून तिथे पावाचे ट्रे ठेवायला फळ्या ठोकलेल्या, आणि दार उघडलं की भाजलेल्या पावाचा वास. बाई म्हणाल्या, "रोज पहाटे हीच जायची पाव घेऊन. आता मोठी व्हॅन घेतली, म्हणून हिला काढतेय. मनातून काढवत नाही, पण ठेवू कुठे?" सीट परत बसवून द्यायलाही त्या तयार होत्या.

कानसेनांनी बॉनेट उघडलं. बाई किल्ली घेऊन आत बसल्या. कानसेनांनी हात वर केला, स्क्रू-ड्रायव्हर लावला, डोळे मिटले.

बाईंचं स्टिअरिंग लॉक झालं होतं. किल्ली काही फिरेना. त्या स्टिअरिंग इकडून तिकडे हिसडत होत्या आणि गाडी जराजरा हलत होती. आवार अगदी चिडीचूप. आत बेकरीत कुणीतरी ट्रे ठेवला, तोसुद्धा ऐकू आला.

"वा!" कानसेन म्हणाले. "ऐकतेस ना? कसं एका लयीत चाललंय. कुठे अडखळणं नाही, काही नाही. वा!"

बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो काका, अजून तर..."

थोरलीने ओठांवर बोट ठेवलं. बाई गप्प झाल्या.

बाबांना जरा कमी ऐकू येतं हे थोरलीला माहीत होतं, वय झालं, चालायचंच. पण जरा? आता एकेक गोष्ट समोर यायला लागली. जेवताना बाबा आताशा तिच्या शेजारी बसत नाहीत, समोर बसतात. धाकट्याचा फोन आला की "तूच बोल" म्हणून सरकवतात. दाराची बेल नेहमी तिलाच ऐकू जाते. आणि ती खुळी समजत होती की बाबा आळशी झालेत.

तेवढ्यात किल्ली फिरली आणि इंजिन खरोखर सुरू झालं. बाबांची पापणीसुद्धा हलली नाही. ते तसेच मान डोलावत होते. थोरलीला मात्र ऐकू आलं. इंजिनाबरोबर एक टिकटिक होती, बारीक, पण सारखी.

ती टिकटिक चांगली की वाईट? तिला काय ठाऊक! गप्प बसून घ्यावी, तर घाटात जीव तिचा अडकणार. परत फिरावं, तर अशी दुसरी मिळेलच असं नाही, घाटापलीकडची पाळी पुढच्या आठवड्यात सुरू. विचारावं, तर विचारायचं ते ह्याच माणसाला. आणि विचारायचं म्हणजे सांगावं लागणार, बाबा, मला कळलं.

तिने पुढे होऊन त्यांच्या कानाचा स्क्रू-ड्रायव्हर हळूच काढून घेतला. त्यांनी डोळे उघडले.

"बाबा," ती त्यांच्या अगदी समोर उभी राहून म्हणाली, "मघाशी वा म्हणालात ना, तेव्हा इंजिन बंद होतं."

ते तिच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी सोंग केलं नाही. शेजारच्या उलट्या क्रेटवर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"कधीपासून?"

"उजवा तुझी आई होती तेव्हाच गेला. डावा नंतर. आता दोन्ही नाहीत."

"आणि मला सांगितलं नाहीत?" थोरली भडकली. "ती लाल गाडी घ्यायला निघाला होतात! दरवाजा मला दिसला नसता तर? घाटात मेले असते मी, कळतंय का तुम्हाला? सगळ्या जगापासून लपवा, पण मी? मला का नाही सांगितलं?"

बेकरीवाल्या बाई इंजिन तसंच सुरू ठेवून उतरल्या आणि काही काम आठवल्यासारखं करून आत गेल्या. भली बाई.

बाबा म्हणाले, "सांगितलं असतं तर तू धाकट्याला फोन केला असतास. बहिरा म्हातारा दिवसभर घरात एकटा कसा ठेवायचा? दार वाजलं तर कळायचं नाही, काही सांडलं-पडलं तर कळायचं नाही. तू म्हणाली असतीस, बाबा, तुम्ही तिकडेच बरे. चुकीचं नव्हतं ते. पण मला जायचं नव्हतं ग. गाडी बघायला येतो म्हणालो, म्हटलं, निदान कानसेन आहे तोवर कुणी मला हलवणार नाही."

थोरलीचा राग कुठल्या कुठे गेला. डोळे भरून आले, त्याचाच उलट तिला राग आला.

"मला तिकडे खोली मिळत होती," ती म्हणाली. शब्द सुटे सुटे करून, त्यांना दिसतील असे. "चालत कामावर जाता आलं असतं. तरी मी दर रविवारी ही गाडी शोधत फिरतेय, ती कुणासाठी? मला काय घाट चढायची हौस आहे?"

बाबांनी हे बघितलं. सगळं. मग मान खाली घातली आणि बाहीने तोंड पुसलं.

"हात द्या," थोरली म्हणाली.

"आं?"

तिने त्यांचा उजवा हात ओढून घेतला, पालथा होता तो उताणा केला. ग्रीस कायमचं मुरलेला तो तळवा. त्यावर तिने बोटाने वाजवलं, इंजिनाकडे कान देऊन, तो आवाज येत होता तसाच. टिक, टिक, टिक, टिक.

बाबांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने भुवया जवळ आल्या. "वरून येतोय की खालून?"

ती इंजिनावर वाकली, मग गाडीखाली. "वरून."

"जरा रेस कर."

तिने आत बसून ॲक्सिलरेटर दाबला, उतरून परत आली आणि त्यांच्या तळव्यावर वाजवलं, आता जलद.

"जड आहे का? ठोका बसल्यासारखा?"

"नाही. हलका. असा." तिने नखाने वाजवून दाखवलं.

"तापू दे."

गाडी तापेपर्यंत दोघं क्रेटवर शेजारी शेजारी बसले. तिने त्यांचा हात सोडला नव्हता, त्यावर ती वाजवत होती, आवाज कमी होत गेला तसं हळू, मग अगदी हळू, मग टेकवल्यासारखं. शेवटी बोट थांबलं.

"गेला?"

"जवळजवळ."

"टॅपेट," बाबा म्हणाले. "थंड असताना वाजतात. कोणत्याही गॅरेजमध्ये सेट करून देतील. आणि मुख्य म्हणजे ही पावाची गाडी आहे. पहाटे एक दिवस जरी रुसली असती, तर बाईने हिला कधीच घालवली असती. ह्याला कान नाही लागत." ते हसले. कितीतरी दिवसांनी असे मोकळे हसले.

हात पुसत बेकरीवाल्या बाई बाहेर आल्या. त्यांनाही गल्लीतली कीर्ती ऐकून माहीत होती. थोरलीकडे न बघता त्या थेट बाबांकडे गेल्या. "मग कानसेन, काय म्हणते गाडी?"

बाबा उभे राहिले. शर्ट खाली ओढून नीट केला. आयुष्यभर ज्या माणसाने दुसऱ्यांना चूप म्हटलं, तो माणूस त्या परक्या बाईंना सगळ्या आवाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "मला ऐकू येत नाही हो. माझ्या मुलीला विचारा."