क्रेनचं भाडं
आज ऑफिसखाली क्रेन सुरू झाली आणि डिझेलचा जळका वास खिडकीतून वर आला, तेव्हा लखनौच्या विकास नगरमधल्या आमच्या घरामागचा आंबा आठवला. बाबांनी रत्नागिरीहून कलम आणून लावलेला तो हापूस तिथल्या थंडीत कधी धड फळला नाही. बाबा गेले त्याच वर्षी तो भिंतीवर कलला. झाड तोडायला बोलावलेला ठेकेदार म्हणाला, "रस्सी से काटेंगे तो तीन दिन. क्रेन से एक घंटा, मगर ख़र्चा दुगना." मी रजा आणि भाडं यांचा हिशेब मांडत बसलो. गवार मोडता मोडता आई म्हणाली, "दोरानेच करू दे ना. लागू देत तीन दिवस." मी म्हटलं, "पैशांचा विचार करू नकोस, आई," आणि क्रेन ठरवली. क्रेनने अख्खं झाड मोहोरासकट घरावरून उचललं आणि ट्रकमध्ये ठेवलं. "झालं?" आईने दारातून विचारलं. "हो, तासाच्या आत," मी सांगितलं. तिने दार लोटून घेतलं. तेव्हा मला काहीच वाटलं नाही. आजही फार काही वाटलं असं नाही. एवढंच कळलं, की ती पैसे वाचवत नव्हती, तीन दिवस मागत होती.