मधली जागा

मुकुंदवाडीच्या त्या दोन खोल्यांत बिभीषणचं एकच गाऱ्हाणं होतं. बायकोची, तनुजाची, मांजर चिंगी रोज दोघांच्या बरोबर मधोमध झोपायची. बिभीषणचं बालपण मेंढरांमागं गेलेलं. पण कंपनीत लागल्यापासून चादरीवर केस दिसला, की त्याचा पारा चढायचा. तनुजा सगळं ऐकून घ्यायची अन् चिंगीला तिथंच राहू द्यायची.

पाचोडहून त्याची आई बानाबाई आली, तेव्हा त्याला वाटलं, आता निकाल आपल्या बाजूनं. चहा व्हायच्या आतच त्यानं सांगून टाकलं.

"जनावर कुणी अंथरुणात घेतं व्हय, आई?"

बानाबाई पलंगावर टेकली. "माझं लगीन झालं त्या हिवाळ्यात एका कोकराची माय मेली. थंडी लई. ते तुझ्या बापाच्या अन् माझ्या मधीच निजायचं."

"मग अण्णा काय म्हणायचे?"

"म्हणतात काय? कडंला सरकायचे."

तिनं लेकासाठी आणलेली घोंगडी पिशवीतून काढली, झटकली अन् पलंगाच्या मधोमध अंथरली. चिंगी लगेच त्या घोंगडीवर वेटोळं करून बसली.

तनुजानं बिभीषणची उशी उचलून भिंतीकडं सरकवली.