नववी काडी

शाळेच्या पटांगणात आम्ही हस्तकलेची जत्रा भरवली होती. टोपल्यांच्या मांडवात माझ्या तिसरीच्या वर्गातली रंजू बसली होती. तिची आई आल्या आल्या मला म्हणाली, "बाई, हिला चारचौघांत गणितातलं काही विचारू नका. पार ढ आहे." रंजूने मान खाली घातली. वर्गातही गणिताच्या तासाला ती असंच करते.

मग आईने स्वतःच टोपली विणायला घेतली. आठ काड्या उभ्या केल्या आणि पट्टी एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून नेली. पण दुसऱ्या फेऱ्यातही पट्टी त्याच काड्यांच्या पुढून जायला लागली. वीण धरेचना. रंजूला राहवलं नाही. "आई, आठ नको. एक काडी वाढव. सगळ्यांच्या जोड्या लागल्या की वीण बसत नाही."

नववी काडी आली आणि वीण घट्ट बसली.

सम-विषम मी फळ्यावर कितीदा शिकवलं असेल. जोडी न मिळालेली ती उरलेली, असंच सांगत आले. त्या उरलेलीमुळेच टोपली उभी राहते, हे मला आज दिसलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी एकटीच; ती काडी मला फार जवळची वाटली.

भोवती बायका जमल्या. आईने हळूच विचारलं, "मग बारा घेतल्या तर?"

"नाही बसणार."

"आणि सतरा?"

"बसेल. सतरा काय, एकवीस घे," रंजू सगळ्यांकडे बघत म्हणाली, "पण आधी ही पुरी कर."