शामिसची घंटा

ओमानमधल्या आमच्या अदम गावात गाडीची घंटा शाबूत ठेवलेला बहुधा एकच माणूस होता, तो म्हणजे शामिस बिन घशाम. इकडच्या जुन्या गाड्यांत काटा एकशेवीसवर गेला की टिंग टिंग वाजू लागतं. गाडी घरी आली की लोक आधी तिची तार कापून घेतात. शामिस म्हणायचा, "बायकोचं ऐकतो, तसं हिचंही ऐकतो. दोघी माझ्या भल्याचंच बोलतात."

बारा वर्षं त्याने आम्हा शिक्षिकांना हैमाच्या रस्त्यावरच्या शाळेत नेलं-आणलं. जाताना नव्वद किलोमीटर, येताना नव्वद. काटा एकशे अठराला पोचला की त्याचा पाय आपोआप वर यायचा. मागचे लोक दिवे मारत, भोंगा वाजवत. शामिस त्यांना दीर्घायुष्य लाभो म्हणून दुआ मागायचा, पण अशा आवाजात, की ते ऐकतील तर भांडायलाच उतरतील. मी निवृत्त झाल्यावर माझ्या जागी रहमा नावाची नवी शिक्षिका बसू लागली.

त्या हिवाळ्यात, दोन महिन्यांत शामिसला तीनदा रडारने पकडलं. फोनवर पोलिसांचा संदेश यायचा, त्यात वेग लिहिलेला: एकशे एकतीस, मर्यादा एकशेवीसची. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. हा मजलिसमध्ये, गावच्या बैठकीत जाऊन प्रत्येकाला फोन दाखवून आला. झालं, रहमाचे सासरे हमूद म्हणाले, "अजून एक संदेश आला तर माझी सून तुझ्या गाडीत बसणार नाही." बाकीच्या चौघींच्या घरीही कुजबुज सुरू झाली.

तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. खजूर हातात घेतला, खाल्ला मात्र नाही.

"बाई, रडार बिघडलंय."

"तिन्ही रडारं?"

"तिन्ही. उन्हाने."

"थंडी आहे, अबू हिलाल." थोरल्या मुलाच्या नावाने त्याला सगळं गाव अशीच हाक मारतं.

"मग थंडीने. घंटा वाजली नाही म्हणजे मी एकशेवीसच्या आत होतो. बारा वर्षांत तिने मला एकदा तरी फसवलंय का?"

तीस वर्षं गणित शिकवूनही मला या माणसापुढे हात टेकावे लागायचे. मी त्याला घेऊन दारात उभ्या गाडीपाशी गेले आणि तिथेच थबकले. चाकं माझ्या कमरेला लागत होती. फुगीर, रुंद, वाळूत उंटांमागे पळवायच्या गाड्यांना लावतात तसली.

"ही कुठून आली?"

"मुसल्लमने दिली. दोन महिन्यांपूर्वी." मुसल्लम म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. उंट शर्यतीत पळवतो.

"अहो, चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते. काटा फक्त फेऱ्या मोजतो. त्याला काय ठाऊक, तुम्ही चाकं बदललीत ते?"

"काटा जपानी आहे, बाई."

मी कपाळावर हात मारला. मग त्याला गाडीत बसवलं आणि आजोबांच्या वयाच्या माणसाला सहावीतला धडा पुन्हा शिकवला. हमरस्त्यावर किलोमीटरच्या पाट्या आहेत. एकशेवीसच्या वेगाने एका पाटीपासून दुसरीपर्यंत बरोबर तीस सेकंद लागायला हवेत. त्याने काटा एकशेवीसवर धरला, मी घड्याळ. सत्तावीस सेकंद. पुन्हा केलं, पुन्हा सत्तावीस. म्हणजे एकशे तेहतीस.

शामिसने गाडी कडेला घेतली.

"दोन महिने," तो म्हणाला. "पाच मुली मागे बसल्या होत्या. आणि रस्त्यावर उंट."

"आता चाकं काढून टाका."

"ती कशी काढणार? भेट आहे. दर शुक्रवारी मुसल्लम कहवा प्यायला येतो, तेव्हा बहिणीला सलाम करायच्या आधी चाकांवर हात फिरवतो."

"मग काटा एकशे पाचवर ठेवून चालवा!"

"आणि घंटा? ती मुकीच राहिली ना."

इतका संताप आला की मी उतरून चालत जाणार होते. पण गाव बारा किलोमीटरवर होतं.

शुक्रवारी मीच त्याच्या घरी गेले. मुसल्लम आला, चाकं थोपटली, हलवा खाल्ला. मी म्हटलं, "चल, घड्याळ तू धर." हमरस्त्यावर पाट्यांमधला वेळ त्याने स्वतः मोजला.

"सत्तावीस!" तो खूश झाला. "बघ भाऊजी, तुझं गाढव घोड्यासारखं धावतंय. आभार मान माझे!"

"मुसल्लम," शामिस म्हणाला, "तुझी भाची याच गाडीतून बाळंतपणाला निजवाच्या इस्पितळात जाणार आहे. तिला घेऊन जाताना माझी घंटा वेळेवर वाजायला हवी."

मुसल्लमचं हसू मावळलं. त्याच संध्याकाळी येऊन त्याने आपल्या हाताने चाकं काढली, जुनी चढवली आणि मोठी स्वतःच्या गाडीला लावली. त्या गाडीची घंटा कधीच कापलेली आहे. पण त्याला शिकवायला मी दुसरा जन्म घेईन.

इथवर ठीक होतं. शामिसने पुढे काय करावं? पाचही घरी जाऊन सांगून आला, की दोन महिने मी तुमच्या मुलींना एकशे तीसने नेत होतो, मला कळलं नाही, माफ करा. मी म्हटलं, "कुणी विचारलं होतं तुम्हाला?" म्हणाला, "कुणी विचारलं नाही, म्हणून तर गेलो."

चार घरांनी माफ केलं. हमूदनी नुसता कहवा ओतला. रविवारी, आमच्याकडे शाळेचा आठवडा सुरू होतो त्या सकाळी, रहमा दारात आली नाही.

तिच्या रिकाम्या जागेवर घड्याळ घेऊन मी बसले. काटा एकशेवीसवर गेला तशी घंटा वाजली. बाकीच्या चौघी दचकल्या, मग हसल्या. मी सेकंद मोजले. एकतीस.

"एकशे सोळा," मी म्हटलं. "कंपनी काटा जरासा पुढेच दाखवते, सावधगिरी म्हणून."

शामिसने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे बारा वर्षं सगळे मला कासव म्हणत होते, ते खरंच होतं? मग बाई, चार वाढवू का?"

"समोर बघा!"

संध्याकाळी मी त्या आकड्यांचा कागद घेऊन हमूदकडे गेले. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, "घंटा वाजली?"

"वाजली."

"किती वेळ?"

"सबंध किलोमीटरभर. डोकं उठलं माझं."

सोमवारी मी घरीच राहिले, कारण माझी जागा रहमाने पुन्हा भरली होती.