हमीदभाईंच्या नावावरचा एक कच्चा जोड

हमीदभाईंची आणि माझी ओळख पंख्याच्या बटणावरून झाली. नव्वदच्या दशकातला चंद्रपूरचा मे महिना. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात मी तात्पुरता अध्यापक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. विभागाची काचेची उपकरणं घडवणारे हमीदभाई प्रयोगशाळेत बर्नरसमोर काच फुंकत बसले होते आणि पंखा बंद! मी मोठ्या उपकारबुद्धीने तो लावला.

“सर, बंद करा तो! तुम्हाले हवा लागते, काचेले झटका लागते.”

मी पंखा बंद केला आणि घाम पुसत बसलो.

काचेच्या नळीत धातूची तार हवाबंद बसवावी ती हमीदभाईंनीच. निवताना धातू जास्त आकसतो, काच कमी. ही ओढाताण घाईने झाली की जोड तडकतो. म्हणून ताजा जोड ते गरम राखेच्या डब्यात पुरत आणि दुसऱ्या सकाळपर्यंत कुणाला हात लावू देत नसत. धानोऱ्याच्या एका शाळेला नळी हवी होती, तर सुट्टीच्या दिवशी डबा मांडीवर घेऊन एसटीने स्वतः पोचवून आले.

आता ज्यासाठी लिहायला बसलो, ते सांगतो. माझी कायम नेमणूक व्हायची होती. विद्यापीठाची समिती माझा प्रयोग पाहणार होती. त्यासाठीची नळी हमीदभाईंनी सकाळी करून डब्यात ठेवली. ती विभागप्रमुखांना दाखवून शाबासकी मिळवायची मला कोण घाई! हमीदभाई जुम्म्याच्या नमाजला गेले आणि मी डबा उघडला. ‘टिक्’ असा बारीक आवाज झाला. तारेभोवती चीर गेली.

नेमके त्याच वेळी आत आलेले विभागप्रमुख कडाडले, “हे कुणी केलं?” मी तडकलेल्या नळीकडे पाहत राहिलो. तेवढ्यात हमीदभाई परतले. त्यांनी माझे राखेने माखलेले हात पाहिले.

“जोड माह्याच हातून कच्चा राह्यला, साहेब. दुसरा करून देतो.”

दुसऱ्या नळीवर प्रयोग झाला, मी कायम झालो. मात्र हमीदभाईंच्या हातावरचा भरवसा उडाला आणि त्यानंतर वर्षभर विभागाचं नाजूक काम नागपूरला जात राहिलं. मी एकदा विचारलं, “तुम्ही स्वतःवर का घेतलंत?”

“माही नोकरी पक्की होती सर, तुमची नाई. आता डबा उघडू नका, म्हंजे झालं.”

हमीदभाईंचा तो ‘कच्चा जोड’ विभागात अजून हसत सांगतात. या गौरवग्रंथातही कुणीतरी सांगेलच. तर सर्वांनी ऐकावं: तो जोड पक्का होता. तडकवला मी. इतकी वर्षं गप्प बसलो, याची मला लाज वाटते.

हमीदभाई, हे छापून आलेलं तुम्हाला मुळीच आवडणार नाही. पंचाहत्तरीनंतरही तुम्ही ठणठणीत राहा आणि यावरून मला पुढची पंचवीस वर्षं रागवा.